गेल्या वर्षीच्या काड्या

"कुठली देऊ?" रोपवाल्या बाईने विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत वदीम म्हणाला, "कुझमिनची आहे का?" बंद पडलेल्या सिनेमागृहासमोरच्या चौकात एप्रिलमधला रोपांचा बाजार भरला होता. बर्फ नुकताच वितळला होता, बुटांखाली नुसता चिखल, आणि सगळं रियाझान आपापल्या बागेच्या तुकड्यात खोचायला काहीबाही विकत घेत होतं. रास्पबेरी कुठली घ्यायची ते मी हिवाळाभर विचार करून ठरवून आले होते. वदीमला फक्त पिशव्या धरायला आणलं होतं आणि तो त्या मुकाट धरून उभाही होता. तोच वदीम बोलला. माझा नवरा. पडदे कुठल्या रंगाचे घेऊ या? तुला आवडेल ते. सूप कोबीचं करू की बीटचं? तुला आवडेल ते. सुट्टीत कुठे जायचं, भिंतीला कुठला कागद लावायचा, माझ्या आईचं जुनं कपाट ठेवायचं की विकायचं, सगळ्याला हेच एक उत्तर. आणि हा माणूस एका अनोळखी बाईसमोर, टोपी मागे सारून, क्षणाचाही विचार न करता नाव घेतो! छातीत टाचणी टोचल्यासारखं झालं मला. टाचण्यांची मला सवय आहे, आयुष्यभर मी त्या तोंडात धरून काम केलंय, पण ही आतून टोचली. "कुझमिनची?" बाई हसली. "काका, ती कोण लावतंय आता? मऊ फळ, घरी नेईपर्यंत लगदा होतो. शिवाय थंडीआधी काड्या वाकवून जमिनीला टेकवाव्या लागतात, नाहीतर गोठून जातात. तुमच्या कंबरेला झेपेल का ते?" वदीम ओशाळला. "नाही, म्हणजे, वास असतो तिला," तो हळूच म्हणाला. वास असतो तिला! रास्पबेरीबद्दलच बोलत होता, मला कळतं तेवढं. तरी मी पुढे होऊन म्हटलं, "आम्हाला हेराक्ल द्या. पाच रोपं. ठरलंय आमचं." वदीमने लगेच टोपी पुढे ओढली आणि पिशवी उघडून धरली.

हेराक्ल मी उगाच निवडली नव्हती. जुन्या जातींची रास्पबेरी गेल्या वर्षीच्या काडीवर फळ देते. यंदा काडी वाढते, बर्फाखाली हिवाळा काढते, आणि पुढच्या उन्हाळ्यात फळते. म्हणजे बागेत कायम गेल्या वर्षीचं काहीतरी उभं असतं, त्याला जपा, वाकवा, बांधा. हेराक्लचं तसं नाही. वसंतात जमिनीतून वर येते, सप्टेंबरात फळते आणि मग विळा घेऊन सगळी सपाट कापून टाकायची. मागचं काही शिल्लक नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा शून्यापासून. हे मी मासिकात वाचलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी ते पान वदीमला वाचून दाखवलं. "छान," तो म्हणाला, "तुला आवडत असेल तर." त्याला त्यात काही कळलं नाही. किंवा सगळं कळलं. वदीमला काय कळतं आणि काय नाही हे मला आजही सांगता यायचं नाही.

आमची ओळखच मुळी या 'तुम्हाला आवडेल ते'वरून झाली. मी कपडे शिवणाऱ्या दुकानात कापड बेतते. गिऱ्हाईक म्हणजे काय चीज असते ते माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. एकीला बाही अर्धा बोट लांब हवी, दुसरीला कंबर आहे त्याहून बारीक दिसायला हवी, तिसरा तिसऱ्यांदा कॉलर बदलायला येतो. सगळ्यांना काहीतरी हवं असतं आणि ते माझ्याकडून हवं असतं. आई गेली त्या हिवाळ्यात वदीम ओव्हरकोट शिवायला आला. मी सत्तेचाळीस वर्षांची, लग्न न झालेली, घरी गेले तर बोलायला भिंती. "कॉलर कशी हवी?" मी विचारलं. "तुम्हाला योग्य वाटेल तशी." "खिसे?" "तुम्हीच ठरवा, तुम्हाला जास्त कळतं." मी त्याच्या खांद्यावर टेप धरून उभी होते आणि माझे डोळे भरून आले. वाटलं, हा माणूस किती हलका आहे, याचं कुणावर ओझं नाही. तो कोट मी असा शिवला की अजून एक टाका उसवलेला नाही. लग्नानंतरची पहिली वर्षं मी मैत्रिणींना सांगत फिरायचे, माझा वदीम कधी आवाज चढवत नाही, कधी ताट बाजूला सारत नाही. त्या आपापल्या नवऱ्यांच्या तक्रारी करायच्या आणि मी चहात जॅम ढवळत गालात हसायचे.

मात्र एक गोष्ट मी मैत्रिणींना सांगत नसे. ती गोष्ट म्हणजे आमची बाग. शहराबाहेर, ओका नदीच्या पलीकडे, वदीमच्या कारखान्याने कामगारांना पूर्वी सहा-सहा गुंठ्यांचे तुकडे दिले होते. त्यातला एक वदीमला आणि त्याच्या पहिल्या बायकोला मिळाला. एल्विरा तिचं नाव. एल्विरा पावलोव्हना, त्याच कारखान्यात नकाशे काढायची. बावीस वर्षं संसार केला त्यांनी. मूल नव्हतं, त्यामुळे घटस्फोटात भांडायला जमीनच तेवढी होती. ती त्यांनी मधोमध कापून घेतली. तीन गुंठे त्याचे, लाकडी घर आणि विहिरीसकट, आणि तीन गुंठे तिचे, सफरचंदाचं झाड आणि रास्पबेरीच्या ताटव्यासकट. तिने आपल्या बाजूला एक खोली बांधून घेतली. रास्पबेरीची मुळं जमिनीखालून कुठेही सरकतात, म्हणून मध्ये सिमेंटचे पत्रे गाडले. वदीमनेच गाडले, फावड्याच्या पात्याएवढे खोल, आणि वर वीतभर दिसतात तेवढे ठेवले. हीच आमची हद्द. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या वीतभर पत्र्यापलीकडे माझ्या नवऱ्याचं बावीस वर्षांचं आयुष्य केस लाल रंगवून, पुरुषी विजार घालून, गाजरं खुरपत बसलं होतं. "या या," ती म्हणाली होती, "तुम्हीच का त्या कोटवाल्या?" मी कुणाचं घर मोडलं नव्हतं, ते माझ्या आधी दोन वर्षं मोडलेलं होतं. तरी चोर मीच असल्यासारखी मी त्या दिवशी घरात शिरले.

दर ऑक्टोबरात वदीम पत्रा ओलांडून जातो. काड्या वाकवायला. हे काम एकट्याने होत नाही. एकाने काडी मुळाशी धरून हळूहळू वाकवत आणायची आणि दुसऱ्याने तिचं टोक शेजारच्या काडीच्या बुडाशी बांधायचं, म्हणजे बर्फ पडला की सगळ्या त्याखाली झोपून राहतात. एकट्या माणसाने करायला गेलं तर काडी मोडते किंवा सुटून तोंडावर बसते. "ती एकटी आहे, इन्ना," वदीमने पहिल्या वर्षी सांगितलं होतं, "दोन तासांचं काम आहे." नाही कसं म्हणायचं? मी खिडकीतून पाहत राहिले. तो वाकवायचा, ती बांधायची. एकमेकांकडे बघतही नव्हते. तिने हात पुढे केला की काडी तिथे असायची, त्याने हात सोडला की गाठ बसलेली असायची. माझ्या घरात तो फुलदाणी कुठे ठेवू म्हणून तीनदा विचारतो. संध्याकाळी मी त्याचं जाकीट झटकायला घेतलं तर खिशात फिकट तपकिरी रंगाच्या पट्ट्या निघाल्या. जुन्या लांब पायमोज्यांच्या. काड्या बांधायला सगळ्या बायका त्याच वापरतात, मऊ असतात, काडीला काचत नाहीत. मीही वापरल्या असत्या. पण माझ्या नवऱ्याच्या खिशातून दुसऱ्या बाईचे पायमोजे निघावेत, भले फाटके आणि पट्ट्या कापलेले! मी ते चुलीत टाकले. ते जळले नाहीत, वितळून सळईला चिकटले, आणि मला ते खरवडत बसावं लागलं.

तर ती हेराक्लची पाच रोपं घेऊन आम्ही मे महिन्याच्या सुट्ट्यांत बागेत गेलो. वदीमने चर खणला, मी कुजलेलं शेणखत आणि चुलीतली राख टाकली. त्याने खणताना पाठ पत्र्याकडे केली होती, हे मी लक्षात ठेवलं. मी असल्या गोष्टी लक्षात ठेवते, काय करणार. एल्विरा पलीकडे फावड्यावर हनुवटी टेकून बघत होती.

"काय गं इन्नोच्का, काय आणलंस?"

"हेराक्ल."

"अगंबाई, नाव तर ग्रीक पैलवानाचं! आणि वासाचं काय?"

"वास घ्यायला कोण लावतंय? आम्ही खायला लावतोय."

"ही तीच ना, शरदात मुळासकट हजामत करायची? बरं आहे. घाई असलेल्या माणसांसाठी बरं आहे."

"आम्हाला आहेच घाई, एल्विरा पावलोव्हना. आमची सुरुवातच उशिरा झालीये."

यावर ती हसली आणि मलाही मी बरी बोलले असं वाटलं. पण ती तेवढ्यावर थांबते थोडीच. खाली वाकली, आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुरचुंडी पत्र्यावरून पुढे केली. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे. "वादिक, हे धर. कुझमिनचे दोन फुटवे आहेत. माझ्या वाटेत आलेत, नाहीतरी उपटून फेकायचेच. कोपऱ्यात कुठेतरी खोच." वादिक! माझ्या घरात तो वदीम असतो, कारखान्यात वदीम सेर्गेयेविच होता, आणि इथे पत्र्याशी आला की वादिक होतो. वदीमने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, मला ठाऊक होतं काय येणार आहे ते. पण त्याआधी त्याची नजर पुरचुंडीतून बाहेर आलेल्या मुळांकडे गेली आणि ते वाक्य आलंच नाही.

आमच्याकडे कुणी रोप दिलं तर त्याचे आभार मानत नाहीत. मानले की रोप धरत नाही, वाळून जातं. "बरं" म्हणायचं, मान हलवायची, हवापाण्यावर बोलायला लागायचं. शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मी हात अॅप्रनला पुसले, दोन पावलं पुढे गेले, पुरचुंडी स्वतःच्या हातात घेतली आणि शेजारच्या चार बागांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "खूप खूप आभारी आहे मी तुमची, एल्विरा पावलोव्हना." वदीम फावडं धरून उभा राहिला. एल्विराने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं, आणि मग असं हसायला लागली की तिला पत्र्याचा आधार घ्यावा लागला. "अरे देवा! वादिक, हिने तर जीवच घेतला की रे बिचाऱ्यांचा!" वदीम हसला नाही, रागावला नाही. त्याने पुरचुंडी माझ्या हातातून घेतली, कोपऱ्यात दोन खड्डे केले, मुळं पसरून लावली. "पाणी आण, इन्ना," एवढंच म्हणाला. मी पाणी आणलं. एक बादली भरून आणलं, कुणी म्हणायला नको की मी पाणीसुद्धा दिलं नाही.

फुटवे वाळले. दर शनिवारी बागेत गेलं की आधी मी त्या कोपऱ्यात जायचे. पहिल्या शनिवारी पानं मलूल, दुसऱ्याला कडा तपकिरी, मग नुसती काटकी, बोटाने मोडली तर टचकन तुटेल अशी. मी देवभोळी नाही. फुटवे उशिरा काढले होते, ऊन कडक होतं, मुळं वाऱ्यावर राहिली होती, कारणं हजार असतात. पण मला आनंद झाला तो कारणांचा नव्हता. इतका साधा, पोटातून आलेला आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. माझ्या हेराक्लच्या पाचही रोपांनी हिरवे कोंब टाकले होते आणि मी त्यांच्याभोवती गवत काढताना गुणगुणत होते. मग जूनमध्ये एका सकाळी मी वाकले तर पत्र्याच्या अलीकडे, आमच्या जमिनीत, दोन जाडजूड कोंब उभे. पानांची खालची बाजू पांढुरकी, देठ तांबूस. कुझमिनची. पत्र्याखालून, फावड्याच्या पात्याहूनही खोलातून वाट काढून आली होती. कुणी दिली नव्हती, कुणी घेतली नव्हती, आभार मानायला जागाच नव्हती. मी खुरपं उचललं. "राहू दे," मागून वदीम म्हणाला. मी वळून पाहिलं. 'तुला आवडत असेल तर' येईल म्हणून वाट पाहिली. तो पुढे काही बोलला नाही. संध्याकाळी त्याने दोन्ही कोंबांशेजारी खुंट्या ठोकल्या.

उन्हाळा मी तसाच काढला. माझ्या जागी दुसरी असती तर एक दिवस खुरपं चालवून मोकळी झाली असती. मी रोज ठरवायचे आणि रोज त्या दोन काड्या माझ्या कमरेएवढ्या, मग छातीएवढ्या व्हायच्या. सप्टेंबरात हेराक्ल फळली. पहिल्या वर्षी फार येत नाही, पण एक वाडगा भरला. मोठी, टणक, गडद लाल फळं, एकही फुटलेलं नाही. मी ती धुतलीसुद्धा नाही, तशीच नेऊन वदीमसमोर ठेवली. त्याने एक उचललं, आणि तोंडात टाकायच्या आधी नाकाशी नेलं. अर्धा क्षणच. मग खाल्लं. "चांगली आहे," तो म्हणाला, "गोड आहे," आणि माझ्याकडे बघून हसला आणि आणखी खाल्ली. पण दुसरं फळ त्याने नाकाशी नेलं नाही. पुन्हा एकदाही नेलं नाही. त्याला हवं होतं ते तिथे नाही हे एकदा बघून झालं होतं. वाडगा त्याने पूर्ण संपवला, मला बरं वाटावं म्हणून, आणि त्या प्रत्येक फळागणिक मला जास्तच वाईट वाटत गेलं.

ऑक्टोबरात त्याची कंबर धरली. कपाट सरकवताना, आईचं तेच कपाट. गादीखाली फळी घालून, कमरेला ऊब द्यायला कुत्र्याच्या लोकरीचा पट्टा बांधून तो छताकडे बघत पडला होता. शनिवारी मी बागेत जायला निघाले तेव्हा म्हणाला, "एल्विराच्या काड्या..." मी बूट घालत होते. "असू देत," म्हटलं, "एक वर्ष गोठल्या तर गोठतील." तो गप्प बसला. बसमध्ये मी सगळा रस्ता त्या गप्प बसण्याशी भांडत गेले. बागेत पोचले, विळा घेतला आणि हेराक्ल कापायला सुरुवात केली. खसाखस, जमिनीसरशी. किती सुख होतं त्यात! पाच मिनिटांत वर्ष संपलं. आणि तेवढ्यात पलीकडून आवाज आला, काडी मोडल्याचा. मी मान वर केली नाही. एल्विरा एकटीच वाकवत होती. एका बुटाने काडी दाबून धरायची, टोक काखेत, आणि दोन्ही हातांनी गाठ मारायला बघायची. पुन्हा एक मोडली. मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. तिने मला हाक मारली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. तिसरी मोडली तेव्हा मात्र माझ्याने बसवेना. चांगलं कापड कुणी अडाण्यासारखं फाडत असलं की दुकानातही मी असंच उठून जाते, मग ती बाई मला आवडो न आवडो. मी विळा ठेवला आणि पत्रा ओलांडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"सरका. मी वाकवते, तुम्ही बांधा."

"तुला जमेल?"

"नाही जमलं तर तुमच्यापेक्षा वाईट काय होणार आहे?"

"मुळाशी धर. एकदम नको. आधी थोडी, मग थांब, मग आणखी थोडी. हं, अशी." ती गुडघ्यांवर बसून गाठी मारत होती आणि मी काडी वाकवून तिच्या हातात देत होते. काड्यांना बारीक मऊ काटे असतात, हातमोज्यातून कळतही नाहीत. दहाबारा काड्या झाल्यावर आमचा ताल बसला. मला ते आवडलं नाही, पण बसला. "वादिकपेक्षा तुझा हात बरा आहे," ती म्हणाली. "तो घाई करतो. सगळ्या काड्यांना शिव्या घालत वाकवतो."

"वदीम? शिव्या?"

"मग काय स्तोत्रं म्हणतो? खिडकीतून ऐकू येत नाही तुला?"

"आमच्या घरात तो आवाजसुद्धा चढवत नाही."

एल्विराचे हात थांबले. "कोण? वादिक? थट्टा करतेस? अगं, सुपात मीठ कमी पडलं म्हणून आमच्या घरात ताटं फुटलीयेत! पडदे मी तीनदा बदलले त्याच्यापायी. आणि ही रास्पबेरी, ही काय माझ्या आवडीची आहे? मला पिवळी हवी होती. तो म्हणाला, पिवळी लावलीस तर उपटून टाकीन. मी लावली. त्याने उपटली. मी त्याचा मासे पकडायचा गळ मोडला गुडघ्यावर. आठवडाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही, आणि मग तो कुठल्याशा गावाहून हे कुझमिनचे फुटवे घेऊन आला, लहानपणी त्याच्या घरी हीच होती म्हणे. माझ्या कंबरेचं काय होईल ते विचारलं नाही. आणि बागेची वाटणी करायच्या वेळी म्हणतो, ताटवा तू घे, मला बघवणार नाही." तिने पट्टी ताणून गाठ आवळली. "तुला काय म्हणतो तो मग?"

"तुला आवडेल ते, असं म्हणतो."

ती हसायला लागली, पण ते हसणं मधेच राहिलं. "म्हणजे सुखात आहे तो," जरा रागानेच म्हणाली. "मला हे एकदा तरी म्हणाला असता ना, एकदाच..." पुढचं तिने सांगितलं नाही. पट्टी दातात धरली आणि दुसरी काडी द्यायची खूण केली. मी ती वाकवली. इतकी वर्षं मी तिच्या बावीस वर्षांचा हेवा करत आले. तिला त्याने माझ्यापेक्षा जास्त फुलं दिली असतील, गोड बोलला असेल, असलंच काहीतरी मनात धरून. आता मला तिच्या फुटलेल्या ताटांचा हेवा वाटायला लागला. त्या उपटलेल्या पिवळ्या रास्पबेरीचा. तिच्यासमोर तो हवं ते मागायचा, नको ते फेकायचा, शिव्या घालायचा, माणूस होता. आणि माझ्यासमोर? टेप खांद्यावर धरलेली ती संध्याकाळ आठवली. तुम्हाला योग्य वाटेल तशी. तुम्हीच ठरवा. तो माझ्याशी अजूनही कोट शिवायला आलेल्या त्या परक्या गिऱ्हाइकासारखाच वागत होता, आणि मी त्याला प्रेम म्हणत मैत्रिणींमध्ये मिरवत होते.

तिचं सगळं झाल्यावर मी परत आले आणि आमच्या कोपऱ्यातल्या त्या दोन काड्यांपाशी उभी राहिले. विळा तिथेच पडला होता. मग त्या वाकवल्या, एकटीनेच, एक गुडघ्याखाली दाबून, अगदी हळूहळू, आणि एकमेकींच्या बुडाशी बांधल्या. एल्विराने तिच्या पट्ट्या देऊ केल्या होत्या, मी नको म्हटलं. माझ्या पिशवीत दुकानातल्या काळ्या अस्तराचे तुकडे असतात. त्यांनी बांधल्या. एकही मोडली नाही.

घरी आले तेव्हा वदीम उठून बसला होता. मी कोबीचं सूप गरम केलं, वर मलई घातली, पाव कापला. तो पट्टा सावरत टेबलाशी आला, सावकाश बसला. "झालं सगळं?" त्याने विचारलं. त्याला काय विचारायचं होतं ते मला माहीत होतं आणि तो ते विचारणार नाही हेही माहीत होतं.

"झालं. कापून टाकलं जमिनीसरसं."

"हं," तो म्हणाला आणि चमचा उचलला.

"सगळंच कापलं. पत्र्याजवळच्या त्या दोन काड्यासुद्धा."

चमचा सुपात तसाच राहिला. "कुझमिनच्या?"

"असतील. मला काय, सगळं सारखंच दिसतं."

आधी त्याची मान लाल झाली, मग कान. मी हे कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता तो गिळेल, मान खाली घालेल, 'तुला योग्य वाटलं असेल' म्हणेल. मग त्याने चमचा टेबलावर आपटला. सूप माझ्या बाहीवर उडालं.

"अक्कल कुठे गहाण ठेवलीयेस? पुढच्या वर्षीची फळं त्याच काड्यांवर येतात! त्याच! हेराक्ल हेराक्ल करत वर्षभर माझं डोकं खाल्लंस आणि एवढं माहीत नाही? कुणी सांगितलं होतं हात लावायला? मला विचारता येत नव्हतं?"

"रोज विचारते. तू सांगतोस का कधी?"

"मग आता सांगतो!" तो ताडकन उठला, कंबरेत कळ आली, टेबलाची कड पकडून तसाच वाकून उभा राहिला आणि वाकूनच ओरडत राहिला. "या सुपात मीठ कमी आहे! नेहमी कमी असतं! ते पडदे बघितले की मला दवाखान्यात आल्यासारखं वाटतं! आणि तुझ्या आईचं ते कपाट, ते एक दिवस मी खिडकीतून खाली टाकणार आहे!" खालच्या मजल्यावरून कुणीतरी हीटरच्या पाइपवर ठकठक केलं. वदीमने पाय आपटून त्याला उत्तर दिलं.

मी हात मांडीवर ठेवून बसले होते. नदीपलीकडे, पत्र्याच्या अलीकडे, माझ्या अस्तराने बांधलेल्या दोन काड्या बर्फाची वाट बघत पडल्या होत्या. ते मी त्याला उद्या सांगणार होते. माझे डोळे भरून आले होते, त्या कोटाच्या संध्याकाळी आले होते तसेच, आणि मी कान देऊन ऐकत होते की हा आवाज पुरता चढलाय, की एल्विरासाठी याच्याहूनही वरचा असायचा.

"आणखी?" मी म्हटलं. "आणखी काय आवडत नाही तुला?"